छापायचं काय, ते आधी सांगा!

मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण महिनाभर डोकं खातो. मित्रांचं, दुकानदाराचं आणि उरलंच तर स्वतःचंही. कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती तास, सगळं तोंडपाठ. प्रिंटरचं मात्र तसं नाही. भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखा तो लॅपटॉपच्या बिलात येऊन पडतो. ‘साहेब, चार हजारात देतो, स्कॅनरपण आहे’, असं दुकानदार म्हणाला की आपण मान डोलावतो. पुढे वर्षभर त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. आणि ज्या दिवशी व्हिसाचा कागद हवा असतो, नेमका त्याच दिवशी तो गुलाबी रेघा ओढून दाखवतो. मग लिफ्टने खाली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. ओळखीचं वाटतंय ना?

मी वाकडला राहतो, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. पण गावाकडे ‘कॉम्प्युटरवाला’ म्हटलं की त्यात सगळंच आलं. टीव्हीला सिग्नल नाही, विचारा त्याला. फोन हँग झाला, लावा त्याला फोन. गाव म्हणजे परंडा. जिल्हा धाराशिव, म्हणजे तुमच्या शाळेच्या भूगोलातलं उस्मानाबाद. पुण्याहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत गेलात की गावात शिरायच्या आधीच भुईकोट किल्ल्याची आठवण करून देणाऱ्या पाट्या दिसतात. किल्ला पाहायला लोक येतात, पण गावाचा रोजचा व्यवहार चालतो तो एसटी स्टँड, तहसील आणि बाजार या त्रिकोणात.

जून २०२३ मध्ये वैनींचा फोन आला. (लिहिताना वहिनी, पण आमच्याकडे हाक वैनी अशीच मारतात.) लग्नानंतर त्यांनी एमएस-सीआयटी केलं होतं, आणि आता सीएससीचा आयडी मिळाला होता. सीएससी म्हणजे सरकारी सेवांचं ते छोटं केंद्र, जिथे दाखल्यापासून पीकविम्यापर्यंत सगळे फॉर्म भरतात. स्टँडजवळ दहा बाय दहाचा गाळा भाड्याने घेतला होता. कॉम्प्युटर आला, खुर्च्या आल्या, गणपतीचा फोटोपण लागला. राहिला होता प्रिंटर.

‘कोणत्या कंपनीचा घ्यायचाय? बजेट किती?’ मी आपला पुणेरी प्रश्न टाकला.

‘भाऊजी, कंपनीचं मागून बघू. आधी छापायचं काय, ते सांगू का?’

आणि वैनींनी वहीतून यादीच वाचली. सातबारा, आठ-अ, पीकपेऱ्याचं घोषणापत्र, आधारची झेरॉक्स, विम्याची पावती. हे सगळं काळं-पांढरं, ए-फोर, आणि जुलैत धो धो. कॉलेजच्या पोरांचे अर्ज आणि हॉलतिकीट, त्यावर रंगीत फोटो. पासपोर्ट साइज फोटो, हे दोन-चार दिवसांतून एकदा. कोर्टाजवळच्या वकिलांची टायपिंगची कामं, ती कधी ए-फोरवर, कधी लांबड्या लीगल कागदावर. शेवटी म्हणाल्या, ‘आणि हे सगळं लाईट नसताना.’

मंडळी, ही यादी नीट बघा. प्रिंटरबद्दलचा अर्धा सल्ला यातच आहे. काय छापणार, रोज किती, रंग खरंच किती वेळा लागतो, कागद कोणत्या मापाचा, वीज कशी. कंपनीचं नाव यात कुठेच नाही.

आता थोडा खानदानाचा परिचय. प्रिंटरच्या बाजारात सध्या घराघरात येऊ शकतील अशा जाती मोजक्याच. सगळ्यात म्हातारा डॉट मॅट्रिक्स. कर्र-कर्र आवाज करत सुयांनी शाईच्या फितीवर ठोकणारा. तुम्ही म्हणाल, तो तर संग्रहालयात गेला. नाही हो! आडत दुकानात अजून भेटतो, कारण कार्बन लावून एका दमात तीन प्रती काढणं बाकी कुणालाच जमत नाही. नऊ सुयांच्या यंत्रावर मराठी छापलं की वेलांट्या आणि मात्रा एकमेकींत मिसळायच्या, म्हणून मराठीसाठी लोक चोवीस सुयांचा घ्यायचे. डॉसच्या जमान्यात तर पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून सी-डॅकचं जिस्ट कार्ड वेगळं बसवावं लागायचं. आज आपण व्हॉट्सअॅपवर सुप्रभात पाठवतो तेव्हा हे कुणाला आठवतं?

दुसरा इंकजेट. शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवणारा. याच्या जन्माची गोष्ट झकास आहे. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत कुणाचा तरी गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सुईला लागला आणि शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो शाईला ढकलतो, हे तिथे लक्षात आलं. एप्सनने दुसरी वाट धरली, तिथे विजेने थरथरणारा स्फटिक थेंब ढकलतो. तिसरा लेझर. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर या माणसाने तो १९७० च्या आसपास घडवला. टेबलावर मावेल असा एचपीचा लेझरजेट १९८४ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती, आणि छापायचा मिनिटाला आठ पानं. यात शाई नसतेच. प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते. विजेच्या भाराने ती कागदावर चिकटते आणि पुढे दोनशे डिग्रीच्या आसपास तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की बसते. हा रोलर लक्षात ठेवा. परंड्याच्या गोष्टीत तो व्हिलन आहे.

आता पैशांचं बोलू. स्वस्त प्रिंटरचा सगळा फंडा कार्ट्रिजमध्ये असतो. दाढीचं हँडल स्वस्त, ब्लेड महाग, तसा. यंत्र जवळपास पडेल भावात द्यायचं आणि पुढे शाई विकायची. परक्या कार्ट्रिजला यंत्राने नाही म्हणावं म्हणून त्यावर चिप बसवतात. गंमत म्हणजे २०२२ च्या जानेवारीत, जगभर चिपांचा तुटवडा होता तेव्हा, जर्मनीत खुद्द कॅननला स्वतःचे टोनर बिनचिपेचे विकावे लागले. स्वतःच्याच यंत्राची ‘ओळखू येत नाही’ ही तक्रार कशी बाजूला सारायची, तेही कंपनीनेच ग्राहकांना सांगितलं!

वैनींनी हा हिशोब मला फोनवर करायला लावला. तुम्हीही करा, कॅल्क्युलेटर काढा. समजा सातशे रुपयांचं छोटं कार्ट्रिज दीडशे पानं देतं. पानाला झाले जवळपास चार रुपये सदुसष्ट पैसे. कागदाचं रिम तीनशेला धरलं, पाचशे कागद, म्हणजे कागद साठ पैसे. एक पान सव्वापाच रुपयांना पडलं. आता इंकटँक बघा. ज्याच्या पोटात बाटलीने शाई ओततात, तो. एप्सनने तो आपल्याकडे २०११ च्या सुमाराला आणला आणि मग बाकीचे मागून आले. बाटली चारशेची धरा, पानं चार हजार. शाई दहा पैसे, कागद साठ पैसे. सत्तर पैशांत पान.

‘सव्वापाच आणि सत्तर पैसे’ हे पुण्यात ऐकायला मजेशीर वाटतं. वैनींसाठी तो धंदा चालणार की नाही याचा प्रश्न होता. कारण २०२३ च्या खरिपापासून राज्य सरकारने एक रुपयात पीकविमा सुरू केला. शेतकऱ्याकडून घ्यायचा फक्त एक रुपया, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे चाळीस रुपये. एका शेतकऱ्यामागे पाच पानं निघाली, तर कार्ट्रिजवर सव्वीस रुपये तिथेच संपले. उरलेल्या चौदात भाडं, इंटरनेट, वीज आणि वैनींचा दिवस. इंकटँकवर खर्च साडेतीन रुपये. छत्तीस रुपये हातात. यंत्र तेच काम करतं, कागदावर अक्षरं तीच येतात, पण एकात केंद्र चालतं आणि दुसऱ्यात वैनींनी फॉर्मामागे पंचवीस-पन्नास रुपये ‘झेरॉक्सचे’ म्हणून उकळायला सुरुवात करायची. गावोगाव तशा तक्रारी व्हायच्याच. सगळ्या तक्रारींचं मूळ प्रिंटरमध्ये नसतं, हे मला माहीत आहे. पण काहींचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सावधगिरी. खोक्यावर लिहिलेली ‘इतकी पानं’ ही साधारण पाच टक्के काळ्या भागाच्या पानावर मोजलेली असतात, म्हणजे आटोपशीर पत्रासारख्या पानावर. सातबारा म्हणजे चौकटींचं जाळं, आधारची झेरॉक्स म्हणजे काळपट फोटो. तिथे आकडा खाली येणारच. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्यातून चौथा हिस्सा वजा करून हिशोब मांडायचा, ही माझी सवय.

‘मग लेझरच का नको? ऑफिसात तर सगळीकडे लेझर असतोय,’ वैनींनी विचारलं. रास्त प्रश्न. लेझर वेगवान, अक्षर कोरीव, आणि दोन महिने बंद ठेवला तरी भुकटी वाळत नाही. २००५ नंतरची काही वर्षं तर आपल्याकडे एचपीचा १०२० आणि कॅननचा २९०० हे दोन काळे-पांढरे लेझर म्हणजे दुकानांचे लाडके. एचपीच्या त्या बारा-ए टोनरवर दोन हजार पानांचा आकडा असायचा, आणि गल्लीतला पोरगा त्याला भोक पाडून भुकटी पुन्हा भरून द्यायचा. भरलेल्या टोनरचा खर्च पानाला पैशांतच येतो. पण तो तापणारा रोलर आठवतोय? तो गरम होताना लेझर काही क्षण पाचशे वॅटच्या पुढे सहज खेचतो. घरगुती इन्व्हर्टरवर पंखा, ट्यूब, कॉम्प्युटर सुरू असताना लेझरवर प्रिंट द्या... खट्! सगळा गाळा अंधारात. कंपन्याच सांगतात, लेझर यूपीएसला लावू नका. इंकटँक मात्र छापताना पंधरा-वीस वॅट खातो. एका एलईडी बल्बच्या भावात.

पुण्यात बसून विजेचा हा मुद्दा माझ्या टॉप फाइव्हमध्येही आला नसता. परंड्यात तो पहिला. शेवटच्या तारखेला दुपारी दोनला लाईट गेली आणि दारात चाळीस माणसं उभारलेली असली, तर मिनिटाला वीस पानं छापणारा बंद लेझर काय कामाचा? त्यापेक्षा मिनिटाला सात-आठ पानं काढणारा पण चालू असलेला इंकटँक बरा. स्पीड म्हणतात तो हाच.

मी म्हटलं, ऑनलाइन मागवून पाठवतो, स्वस्त पडेल. वैनी म्हणाल्या, ‘आणि बिघडला तर काय कुरियर करू? फॉर्मांच्या दिवसात?’ त्यांनी बार्शीचं दुकान आधीच ठरवून ठेवलं होतं. तासाभराच्या आतलं अंतर, आणि दुकानातला रिपेअरिंगवाला मोटारसायकलवर परंड्याला येतो म्हणे. हा मुद्दा कुठल्याच रिव्ह्यूत नसतो बघा. डीपीआय असतात, वायफाय असतं, स्टारसुद्धा असतात. पण ‘हेड चोक झाल्यावर किती वाजता माणूस येईल’ हा कॉलम नसतो. शहरात सर्व्हिस सेंटरचा टोल-फ्री नंबर पुरतो. तालुक्याला माणूस लागतो, ज्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये असतो आणि ज्याची बहीण तुमच्या भावकीत दिलेली असते.

त्या रविवारी मी गेलो, दादा आला आणि आम्ही तिघं बार्शीला. दुकानदाराने तीन मॉडेल टेबलावर मांडली. रंगीत फुलपाखराचं पान काढलं. वैनींनी फुलपाखराकडे बघितलंही नाही. पर्समधून घडी केलेला सातबारा काढला, म्हणाल्या, याची कॉपी काढा, तिन्हीवर. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, बोट ओलं केलं आणि प्रत्येक पानावरच्या गट नंबरवरून फिरवलं.

पहिल्यावर निळसर-काळा ओघळ. गट नंबर गायब. दुसऱ्यावरही तसंच. तिसऱ्यावर किंचित राखाडी झालं, पण आकडा जागच्या जागी.

दुकानदार बघतच राहिला. मीपण. ‘शेतकरी कागद खिशात घालून जातोय भाऊजी. जुलैचा महिना. पावसात भिजतो, घामानं भिजतो,’ वैनींचं साधं गणित.

यामागचं शास्त्र असं. इंकजेटच्या शाईत दोन प्रकार. डाय, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. चकचकीत फोटोंना मस्त, पण पाणी लागलं की पसरते. आणि पिगमेंट, म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण. हे कण कागदाच्या धाग्यांत बसतात आणि सुकल्यावर सहसा धुऊन जात नाहीत. बऱ्याच इंकटँकमध्ये तिन्ही रंग डाय आणि काळा तेवढा पिगमेंट असतो. काहींत काळासुद्धा डाय. खोक्यावर हे मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही. तेव्हा दुकानात जाल तेव्हा विचारा, किंवा सरळ बोट ओलं करा. लेझरला ही परीक्षा द्यावीच लागत नाही, वितळलेलं प्लॅस्टिक ते, पाण्याला जुमानत नाही. याच्या अगदी उलटं टोक म्हणजे थर्मल पावती. एटीएमची, एसटीची, दूध डेअरीची. त्यात शाई नसते, कागदच उष्णतेने काळा होतो. उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवा, सगळी काळी. वर्षभर पाकिटात ठेवा, सगळी कोरी. जपून ठेवायची असेल तर घेतल्या दिवशीच झेरॉक्स काढा.

तर तिसरा घेतला. इंकटँक, काळी शाई पिगमेंट, वर स्कॅनरची काच. दुकानदार म्हणाला, एडीएफवाला घ्या, कागद आपोआप ओढतो. वैनींनी नको म्हटलं. आमच्याकडचे कागद घड्या पडलेले, कोपरे दुमडलेले, टाचण्या लावलेले, ते ओढताना फाटले तर मूळ कागद कुठून आणायचा? मी त्या वाक्यावर गप्प बसलो. ऑफिसात एडीएफ नसलेलं यंत्र आम्ही माणसात धरत नाही.

जुलै सुरू झाला आणि यंत्राने दम काढला म्हणायचं. इंकजेटचं एक बरं असतं, रोज वापरला तर तो खूश. बंद ठेवला की मात्र नोझलच्या तोंडाशी शाई वाळते, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर लवकरच. मग हेड क्लीनिंग करायचं, त्यातच अर्धी शाई जाते. वैनींचा नियम, उन्हाळ्यात काम असो-नसो, एक दिवसाआड सकाळी एक रंगीत पान काढायचंच. पावसाळ्याचा नियम वेगळा. रिम फोडलं की उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचे. ओल धरलेला कागद दोन-दोन मिळून आत जातो आणि अडकतो. लोक यंत्राला शिव्या देतात, दोष बऱ्याचदा कागदाचा असतो.

त्याच वर्षी जिल्ह्याचं नावही बदललं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली आणि सप्टेंबरमध्ये जिल्ह्याची अधिसूचना निघाली. नाव बदलण्याच्या बाजूने-विरुद्ध बोलायला इथे जागा नाही, मी प्रिंटरवर लिहितोय. पण प्रिंटरच्या डोळ्यांनी बघा ना. ज्यांनी लेटरहेड, पावतीपुस्तकं, अर्जाचे नमुने हजाराच्या गठ्ठ्याने प्रेसमधून छापून ठेवले होते, त्यांच्याकडे कपाटभर ‘जि. उस्मानाबाद’ पडून राहिलं. वैनींकडे वर्डची फाइल होती. शोधा, बदला, संपलं. शंभर-दोनशे प्रतींचं काम असेल तर घरचा प्रिंटर, हजारांत जाणार असेल आणि मजकूर बदलणार नसेल तर ऑफसेट प्रेस. लग्नपत्रिका प्रेसमध्येच छापा हो, तिथे हौस करू नका! पत्रकं, अर्ज, कोटेशन मात्र लागतील तशी काढलेली बरी.

वकिलांचं कामही वाढत गेलं. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई आणली, आणि हळूहळू तो बदल खालपर्यंत झिरपायला लागला. त्यामुळे कागद स्वतः उलटवणारं डुप्लेक्स हवं का, हा प्रश्न आला. महिन्याला शंभर पानं असतील तर हाताने उलटवा, काय बिघडतं? वकिलाच्या ऑफिसात मात्र आता डुप्लेक्स लेझरशिवाय घेऊ नका, असंच मी सांगेन. वैनींनी २०२४ च्या सुरुवातीला जुना, दुरुस्त केलेला एक काळा-पांढरा लेझर कोपऱ्यात आणून ठेवला. तो फक्त लाईट असताना चालतो, इन्व्हर्टरच्या बोर्डापासून लांब, वेगळ्या सॉकेटवर. त्याच्यावर चिठ्ठी आहे, ‘फोटो पेपर घालू नये’. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर तापलेल्या रोलरखाली गेला की त्याचं आवरण वितळून रोलरला चिकटायचा धोका असतो. एका कागदात यंत्र बाद.

हा दुसरा प्रिंटर आला ते बरंच झालं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि स्टँडपर्यंत बायकांची रांग. हमीपत्र, रेशनकार्डाची प्रत, आधार. पलीकडे विम्याचे शेतकरी. दोन यंत्रं असण्याचा फायदा स्पीडपेक्षाही वेगळा असतो, एक बसलं तर धंदा बसत नाही. एकच ‘ऑल इन वन’ घेऊन त्याच्यावर सगळा संसार टाकण्यापेक्षा, रोजच्या कमाईचा प्रश्न असेल तिथे साधी दोन यंत्रं घ्यावीत, असं माझं मत त्या महिन्यात पक्कं झालं.

मग सप्टेंबर २०२५. सीनेला पूर आला. परंडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. दादाचा फोन लागेना तो दीड दिवस मी कसा काढला, ते राहू द्या. आमचं घर आणि गाळा वाचला. मी चार दिवसांनी पोचलो तेव्हा वैनींच्या गाळ्यात दोरी बांधलेली होती आणि दोरीवर, कपडे वाळत घालतात तसे, कागद. खाली पंखा. लोक पत्र्याच्या पेट्यांतून, पिशव्यांतून भिजलेले गठ्ठे घेऊन येत होते. सातबारे, पासबुकं, पोरांच्या मार्कशीटच्या प्रती. काही पानांवर नुसते निळे-जांभळे डाग, कधीकाळी तिथे काय होतं ते कळायची सोय नाही. काही पानांवर चिखल होता, पण अक्षर होतं. एका आजोबांनी विम्याची पावती आणली होती, चिकटलेली, मऊ पडलेली. वैनींनी ती काचेवर हलकेच पसरली. अर्ज क्रमांक वाचता येत होता. तो आकडा कॉम्प्युटरवर टाकला आणि नवी प्रत निघाली.

आता तुम्ही म्हणाल, सगळं ऑनलाइन आहे की, कागद हवाच कशाला? बरोबर. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये भरून घरबसल्या निघतो, त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. पण तो काढायला गट नंबर लागतो, पावती काढायला अर्ज क्रमांक लागतो, आणि तो नंबर त्या आजोबांच्या मोबाइलमध्ये नव्हता, कागदावर होता. त्या वर्षीच्या खरिपात एक रुपयाचा विमाही राहिला नव्हता, शेतकऱ्याने हप्ता पुन्हा स्वतः भरलेला होता. म्हणजे ती पावती त्यांच्या पैशांची होती.

तेव्हापासून वैनींनी एक केलंय. विम्याची आणि दाखल्याची प्रत शक्यतो लेझरवर काढतात, लाईट नसेल तरच इंकटँकवर. क्यूआर कोड असलेलं पान हातात देण्याआधी स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघतात. नोझल चुकलं आणि कोडमधून पांढरी रेघ गेली, तर पान दिसायला ठीक असतं पण समोरच्या ऑफिसात वाचलं जात नाही, आणि माणूस पंचवीस किलोमीटर परत येतो.

त्याच मुक्कामात रात्री जेवताना वैनींनी विचारलं, ‘तुमच्याकडं पुण्यात कुठला हाय मग?’

कुठलाच नव्हता. ऑफिसात लीजवरचं मोठं यंत्र, पानामागे पैसे, बिघडलं तर त्यांचा माणूस. घरी काम पडलं तर खालचा झेरॉक्सवाला. पण आता मुलीची शाळा वर्कशीट पीडीएफमध्ये पाठवते, तेही रात्री साडेनऊला.

‘मग सांगा, छापायचं काय?’ वैनींनी पोळी वाढत परीक्षाच सुरू केली. काळी-पांढरी वर्कशीट. महिन्याला किती? वीस-पंचवीस पानं, मेमध्ये शून्य. रंग? प्रोजेक्टपुरता, वर्षातून चारदा. फोटो? स्टुडिओत काढतो. लाईट? जात नाही, गेली तर सोसायटीचं जनरेटर आहे.

‘मग टाकीवाला कशाला घेता? वाळून जाईल. साधा लेझर घ्या, काळा.’

परतल्यावर तोच घेतला. रंग नाही, स्कॅनर नाही, वायफाय आहे. प्रोजेक्टचे रंगीत चार कागद खालीच काढतो, दहा रुपये पान. मे महिनाभर यंत्र बंद होतं, जूनमध्ये पहिल्याच पानाला काळं कुळकुळीत अक्षर आलं. सोबत आलेला टोनर अजून संपलेला नाही.